स्नोमोबाइलच्या चेनकेसचे ऑइल घरी बदलताना

आपण विचारले आहे की दोन हंगाम वापरलेल्या स्नोमोबाइलच्या (बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या) चेनकेसमधील, म्हणजे गाडी ओढणाऱ्या चेनच्या बंद पेटीतील, ऑइल घरच्या घरी बदलता येईल का, खाली ऑइल सोडण्याचा ड्रेन बोल्ट दिलेला नसल्यामुळे ते डिपस्टिकच्या (पातळी पाहण्याच्या सळईच्या) छिद्रातून नळी घालून पंपाने ओढून काढले तर चालेल का, आणि नवे ऑइल कोणते व किती भरावे. ऑइल घरी जरूर बदलता येते. त्यासाठी कोणतेही दुर्मीळ हत्यार लागत नाही आणि पहिल्या खेपेला सावकाश केले तरी अर्ध्या दिवसात काम उरकते. पंपाने ऑइल ओढण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. झाकण उघडूनच ऑइल बदलावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या कामात जुने ऑइल बाहेर काढण्याइतकेच महत्त्व त्या पेटीत वर्षातून एकदा डोकावून पाहण्याला आहे.

त्या पेटीवर किती भार असतो ते आधी सांगतो. इंजिनची शक्ती पट्ट्यावरून दुसऱ्या क्लचकडे येते, तो क्लच वरचा आडवा दांडा, म्हणजे जॅकशाफ्ट फिरवतो, आणि या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, बहुतेक गाड्यांत चालकाच्या उजव्या हाताला, चेनकेस असते. तिच्यात वर एक लहान आणि खाली एक मोठे दातेरी चाक असते. वरच्याला साधारण 20 च्या आसपास तर खालच्याला 40 च्या आसपास दात असतात. दोन्हींवरून एक रुंद, पातळ पट्ट्यांच्या थरांची चेन फिरते, आणि खालचे चाक ज्या दांड्यावर बसवलेले असते तो दांडा ट्रॅक, म्हणजे गाडीखालचा बर्फावर फिरणारा रुंद पट्टा, फिरवतो. गाडीची सगळी ओढ या एका चेनवरून जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अनेक गाड्यांत ब्रेकची डिस्क वरच्या जॅकशाफ्टवर बसवलेली असते. ब्रेक दाबल्यावर थांबतो तो जॅकशाफ्ट, आणि त्याने ट्रॅकला थांबवायचे ते याच चेनच्या आधाराने. अशा गाडीत चेन तुटली तर ओढ जातेच, पण ब्रेकही जातो; मूठ कितीही आवळली तरी ट्रॅक मोकळा फिरत राहतो. उतारावर याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. आपल्या गाडीत डिस्क वरच्या दांड्यावर आहे की खालच्या, हे काम सुरू करण्यापूर्वी अवश्य पाहून ठेवावे.

काही मॉडेल्समध्ये चेनऐवजी दातेरी पट्टा असतो, उदाहरणार्थ पोलारिसच्या क्विकड्राइव्ह प्रणालीत, आणि तेथे ऑइल नसतेच. आपल्या गाडीला डिपस्टिक आहे असे आपण लिहिले आहे, त्यामुळे ही शक्यता आपल्याबाबत उद्भवत नाही.

ऑइल कधी बदलावे याबाबत प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत किलोमीटरचा वेगळा आकडा असतो, पण वापर कमी असला तरी हंगामातून एकदा बदलावे हा नियम मी पाळतो, आणि तो बदल हंगाम संपताना, गाडी उन्हाळ्यासाठी झाकून ठेवण्यापूर्वी करतो. थंडीत पेटी तापते आणि गार होते, पुन्हा तापते, आणि प्रत्येक वेळी आतील हवेतला ओलावा भिंतींवर धरून ऑइलमध्ये उतरतो. तो ओलावा घेऊन चेन सहा-आठ महिने स्थिर उभी राहिली की पट्ट्यांना जोडणाऱ्या पिनांवर गंज मूळ धरतो. पुढच्या हंगामाच्या तोंडावर ऑइल बदलले तरी तो गंज जात नाही. नव्या गाडीचे, किंवा नवी चेन बसवल्यानंतरचे, पहिले ऑइल मात्र पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे लवकर बदलावे, कारण सुरुवातीच्या घर्षणातील धातूचा बारीक चुरा त्यातच असतो.

ऑइल कोणते, याचे उत्तर गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच. कंपनीचे चेनकेससाठी बनवलेले सिंथेटिक ऑइल मिळत असेल तर ते घ्यावे; काही पुस्तिकांत 75डब्ल्यू-90 किंवा 75डब्ल्यू-140 दर्जाचे सिंथेटिक गिअर ऑइल सांगितलेले असते. यातील पहिला आकडा थंडीतील वाहतेपणाचा आहे, आणि आपल्या कामात तोच अधिक मोलाचा आहे. चेनकेसमध्ये ऑइल फिरवणारा पंप नसतो. तळाशी साठलेल्या ऑइलमधून खालचे चाक आणि चेन फिरतात व तेच ऑइल वर उडवतात. कडाक्याच्या थंडीत ऑइल गोठल्यासारखे घट्ट झाले तर चेन त्यातून नुसती वाट कापत जाते आणि वरच्या चाकाला व बेअरिंगला पहिली काही मिनिटे जवळजवळ कोरडे फिरावे लागते. घरात उरलेले इंजिन ऑइल किंवा कारच्या गिअरबॉक्सचे ऑइल, पुस्तिकेत तसे लिहिले नसेल तर, यात ओतू नये. प्रमाण बहुतेक गाड्यांत 250 ते 350 मिलिलिटरच्या दरम्यान असते. एवढ्या थोड्या ऑइलमध्ये 50 मिलिलिटरची चूकही मोठी ठरते, म्हणून मापाच्या खुणा असलेले भांडे जवळ असू द्यावे.

साहित्यात सॉकेटचा संच, लहान बोल्टांना चालेल असा टॉर्क पाना (ठरलेल्या मापाने आवळण्याचा पाना), झाकणाची नवी रबरी रिंग, दोरे न सुटणारी फडकी, पसरट भांडे, ब्रेक क्लीनरचा डबा, रबरी हातमोजे आणि संरक्षक चष्मा एवढे पुरे आहे. चष्मा टाळू नये. अनेक टू-स्ट्रोक गाड्यांत चेनकेसच्या पुढ्यातच सायलेन्सर असतो आणि तो ताणलेल्या स्प्रिंगांनी धरलेला असतो. स्प्रिंग ओढण्याचा आकडा न वापरता पेचकसाने उचकटायला गेल्यास ती सुटून थेट चेहऱ्याकडे येते.

प्रथम गाडी पाच-दहा मिनिटे सावकाश चालवून आणावी, म्हणजे ऑइल पातळ होते आणि तळाशी बसलेला गाळ त्यात मिसळतो. गाडी मागून उचलून ट्रॅक हवेत फिरवण्यापेक्षा हे बरे; फिरणाऱ्या ट्रॅकमधून बर्फाचा गोळा किंवा निखळलेली खिळी कोणत्या दिशेने सुटेल याचा नेम नसतो. त्यानंतर गाडी सपाट जागेवर उभी करून चावी आणि चालकाच्या मनगटाची सुरक्षा दोरी काढून ठेवावी, व सायलेन्सर हात लावण्याइतका गार होऊ द्यावा. त्या वेळेत ऑइल पुरेसे कोमट राहते. मग उजव्या बाजूचे आवरण आणि वाटेत येत असल्यास सायलेन्सर काढावा. काही गाड्यांत वेगाच्या सेन्सरची तार चेनकेसपाशी येते आणि यांत्रिक रिव्हर्स असलेल्या गाड्यांत त्याची जोडणीही तेथेच असते. ती सोडवण्यापूर्वी मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवल्यास परत जोडताना शंका राहत नाही.

ड्रेन बोल्ट नसलेल्या गाडीत झाकणाचे बोल्ट सैल करताच खालच्या कडेतून ऑइल वाहू लागते आणि त्याखाली भांडे ठेवायला जागा नसते, ही आपली खरी अडचण आहे. ती न सोडवल्यास सगळे ऑइल गाडीच्या पोटातील तसराळ्यात उतरते आणि पुढे आठवडाभर ठिबकत राहते. मी जाड पुठ्ठ्याचा, हातभर लांब आणि वीतभर रुंद तुकडा कापतो, त्याला मधोमध उभी घडी घालून पन्हळीसारखा आकार देतो, वर ॲल्युमिनियमची घरगुती फॉइल गुंडाळतो आणि त्याचे एक टोक झाकणाच्या खालच्या कडेला घट्ट टेकवून दुसरे बाहेर भांड्यावर सोडतो. पन्हळीच्या दोन्ही अंगांना फडकी खुपसून ठेवावीत. आता वरचे टोपण किंवा डिपस्टिक काढावी, म्हणजे आत हवा शिरते आणि ऑइल एकसारखे वाहते. नंतर झाकणाचे खालचे बोल्ट दोन-दोन फेरे सैल करावेत, पण वरचे दोन तसेच धरून ठेवू द्यावेत. झाकण अंगठ्याने हलकेच आपल्याकडे ओढले की फट पडते आणि करंगळीएवढी धार पन्हळीत उतरते. धार थांबून थेंब पडू लागेपर्यंत थांबावे आणि मगच वरचे बोल्ट काढून झाकण उतरवावे. बोल्ट कमीजास्त लांबीचे असू शकतात, तेव्हा पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून त्या त्या जागी ते खोचून ठेवावेत.

पंपाला माझा विरोध का आहे, ते येथे स्पष्ट होते. नळी तळापर्यंत पोहोचली तरी चाक आणि चेनच्या आड राहिलेला शेवटचा भाग ती ओढू शकत नाही, आणि जड कण नेमके त्याच भागात असतात. एका गाडीचे ऑइल मी स्वतः लागोपाठ दोन वर्षे पंपाने बदलले होते आणि बाहेर आलेले ऑइल दोन्ही वेळा चांगले दिसले होते. तिसऱ्या वर्षी झाकण उघडले तेव्हा तळाच्या कोपऱ्यात काळ्या गाळाखाली नखाएवढा, वाकलेला पत्र्याचा तुकडा सापडला. तो खालच्या बेअरिंगच्या पिंजऱ्याचा तुकडा होता. बेअरिंगच्या गोळ्यांना एकमेकांपासून अंतरावर धरणारा पिंजराच फुटू लागला होता, आणि पंपाने काढलेल्या स्वच्छ ऑइलवर विश्वास ठेवून मी ती गाडी किती अंतर तशीच चालवली असेल याचा हिशेब मला आजही अस्वस्थ करतो.

म्हणून भांड्यात जमलेले ऑइल लगेच टाकून देऊ नये. ते उजेडात आणून पाहावे, दोन बोटांत चोळावे, वास घ्यावा. राखाडी छटा आणि बोटांना जाणवणारही नाही इतका बारीक चकचकीत रंग असेल तर ती नेहमीची झीज आहे. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच्या टोकाला किंवा ड्रेन बोल्टला लोहचुंबक असते. त्यावर मऊ, लोण्यासारखी काळी लव जमणे हेही नेहमीचेच. ती लव पांढऱ्या फडक्यावर पुसून पसरावी आणि टॉर्च तिरपी धरून पाहावी. नुसता काळा डाग पसरला तर काळजी नाही. बोटाला टोचणारे कण, चपटे चमचमते खवले किंवा सुईसारखे तुकडे दिसले तर चेन, दात किंवा बेअरिंग यांपैकी काहीतरी तुटत आहे, आणि त्याचा उगम सापडेपर्यंत झाकण लावू नये. ऑइल दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. ते साठलेल्या ओलाव्याचे असू शकते, किंवा जोरदार फवाऱ्याने गाडी धुताना टोपणातून अथवा खालच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलमधून गेलेले असू शकते. अशा वेळी एका बदलात पाणी पूर्ण जात नाही. नवे ऑइल घालून थोडे अंतर चालवावे आणि पुन्हा एकदा बदलावे. काळेकुट्ट आणि जळका वास येणारे ऑइल म्हणजे पातळी कमी होती किंवा चेन फार ताणलेली होती.

आता आत पाहावे. पेटीचा तळ फडक्याने कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून घ्यावा. पेट्रोल किंवा रॉकेल ओतून धुण्याचा मोह टाळावा, कारण ते चेनच्या पिनांमधील ऑइलही धुऊन काढते आणि सीलच्या रबरालाही मानवत नाही. चेनवरून बोट फिरवत ती हाताने थोडी थोडी पुढे सरकवावी. एखादा सांधा ताठ वाटतो का, पट्ट्यांच्या फटीत तांबूस भुकटी दिसते का, कडेची एखादी पट्टी चिरलेली आहे का, हे पाहण्यासाठी चेनचा पूर्ण फेरा व्हायला हवा. निम्मी पाहून सोडू नये. दातेरी चाकांचे दात दोन्ही अंगांनी सारखे दिसले पाहिजेत. एका बाजूने खाऊन आकड्यासारखे वाकलेले दात दिसले तर चेन आणि दोन्ही चाके एकदमच बदलावीत, कारण झिजलेल्या दातांवर बसवलेली नवी चेन फार लवकर त्याच वळणावर जाते. शेवटी खालचे चाक दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर आणि वर-खाली हलवून पाहावे. दांड्यात जाणवण्याजोगा खेळ असेल, किंवा फिरवताना बारीक खरखर हाताला लागत असेल, तर बेअरिंग गेले आहे असे समजावे.

चेनचा ताण नवे ऑइल भरण्यापूर्वीच तपासणे सोयीचे असते. ताण देणारी यंत्रणा प्रत्येक गाडीत वेगळी असते. काहींत ती स्प्रिंगची असते आणि फारसे काही करावे लागत नाही. बाहेरून बोल्ट आणि त्यावर लॉक नट अशी रचना असेल तर गाडी पुढे जाताना दुसरा क्लच ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने तो हाताने फिरवावा, म्हणजे चेनची सगळी ढिलाई ताण देणाऱ्या पट्टीच्या बाजूला जमा होते. त्याच स्थितीत कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. लॉक नट सैल करून ताणाचा बोल्ट फक्त बोटांनी, जाईल तेवढा आवळावा, मग पाव फेरा मागे घ्यावा आणि बोल्ट हलू न देता लॉक नट पक्का करावा. पाव फेरा मागे घेण्याची ही पद्धत अनेक गाड्यांत सांगितलेली असते, पण सर्वच गाड्यांत नाही, त्यामुळे आपल्या पुस्तिकेतील वाक्य येथे अंतिम मानावे. येथे पाना वापरून आवळण्याची चूक मी पुष्कळांच्या हातून झालेली पाहिली आहे. जास्त ताणलेली चेन एकसारखा बारीक शिटीसारखा आवाज करते, तापते आणि बेअरिंगवर सतत आडवा भार टाकते. सैल चेनचे परिणाम याहून वाईट: जोरात वेग घेताना किंवा एकदम ब्रेक दाबताना ती दातांवरून उडी मारते, ठण्णकन आवाज येतो, आणि पेटीच्या भिंतीवर आदळत राहिली तर भिंतच फोडते. ताणाचा बोल्ट शेवटपर्यंत आत जाऊनही ढिलाई उरत असेल तर चेन लांबली आहे, आणि तिचे आयुष्य संपले आहे.

झाकण परत बसवताना खरी मेहनत खोबणीवर घ्यावी. जुनी रबरी रिंग एकदा उघडल्यानंतर चपटी पडलेली असते. ती पुन्हा वापरू नये. खोबण कोरड्या फडक्याने पुसून नखाने चाचपावी, कारण वाळूचा एक कण किंवा फडक्याचा एक दोरा राहिला तरी तेथून ऑइल पाझरते, आणि अनेक गाड्यांत ते पाझरलेले ऑइल जवळच्या ब्रेक डिस्कवर जाते. नव्या रिंगला बोटाने ऑइलचा हात फिरवावा म्हणजे ती पिळवटत नाही. पुस्तिकेत सांगितलेले नसताना सिलिकॉनचा लेप लावू नये; त्याचे सुटलेले तुकडे आत जातात. बोल्ट आधी सगळे हाताने लावून मग समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, पुस्तिकेतील मापाने आवळावेत. पेटी ॲल्युमिनियमची किंवा मॅग्नेशियमची असते आणि तिच्यातील आटे सहज जातात. पाझर थांबवण्यासाठी बोल्टला आणखी एक पीळ देणे हा त्यावरचा उपाय कधीच नाही. पाझर असेल तर झाकण पुन्हा उघडून खोबण पाहावी.

नवे ऑइल भरण्यापूर्वी बाटली कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटे ठेवली तर ते सुरळीत ओतता येते. पुस्तिकेतील प्रमाण मापून घ्यावे आणि लांब नळीच्या नरसाळ्यातून सावकाश भरावे. पेटी पुसून कोरडी केली असल्यास पूर्ण माप लागते. ड्रेन बोल्टने नुसते निथळवले असल्यास चेनवर आणि भिंतींवर थोडे ऑइल राहिलेले असते, म्हणून थोडे हातचे राखून भरावे. पंधरा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी, आणि ती पूर्ण आवळून वाचायची की नुसती टेकवून, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे, कारण या दोन वाचनांत चांगलाच फरक पडतो. जास्त ऑइल भरणे हे कमी भरण्यापेक्षा सुरक्षित आहे असा समज आहे. तो बरोबर नाही. जादा ऑइल घुसळले जाऊन फेसाळते, तापते, आणि टोपणातील हवेच्या छिद्रातून किंवा सीलच्या ओठातून बाहेर येते. ते छिद्र चिखलाने किंवा गोठलेल्या पाण्याने बंद झाले असेल तर पातळी योग्य असूनही हेच घडते, तेव्हा टोपण लावण्यापूर्वी त्यात बारीक तार घालून ते मोकळे करावे.

काम करताना ब्रेक डिस्कवर ऑइलचा एखादा शिंतोडा उडाला असेल असे गृहीत धरूनच ती ब्रेक क्लीनरने पुसावी. पॅडमध्ये ऑइल मुरले असेल तर पॅड साफ करण्याच्या फंदात न पडता बदलावेत. जुने ऑइल आणि भिजलेली फडकी झाकणाच्या डब्यात भरून वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावीत. बर्फावर ओतलेले ऑइल बर्फ वितळताच थेट पाण्यात जाते.

पहिली फेरी छोटी आणि मोकळ्या, सपाट जागेवर असावी, आणि सुरुवातीलाच सावकाश वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहावा. परत आल्यावर झाकणाच्या खालच्या कडेखाली कोरडा पांढरा कागद ठेवून गाडी रात्रभर तशीच उभी करावी. सकाळी कागद कोरडा असून डिपस्टिकवरची पातळी मात्र उतरलेली दिसली, तर झाकण सोडून सीलकडे पाहावे: ट्रॅकच्या बोगद्याच्या आतील भिंतीवर, दांडा जेथे बाहेर येतो तेथे ऑइलची ओल असेल तर खालचे सील, आणि वर जॅकशाफ्टभोवती किंवा ब्रेक डिस्कजवळ असेल तर वरचे सील गेले आहे. किती ऑइल निघाले, ते कसे दिसत होते, चुंबकावर काय होते आणि ताणाच्या बोल्टचे किती आटे बाहेर उरले आहेत, हे तारीख व किलोमीटरसह वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी झाकण उघडाल तेव्हा चेन किती लांबली हे त्या आट्यांच्या मोजणीवरूनच कळेल.